बरे होण्याची पूर्वतयारी

पित्तनलिकेतील खड्यांचा त्रास उतारवयात अधिक आढळतो. पित्ताशयातला खडा नलिकेत उतरून अडकला की पोटात कळ येते, कावीळ होते, थंडी वाजून ताप भरतो. अनेकांचे खडे तोंडावाटे एंडोस्कोप घालून काढता येतात. ते जमत नाही, किंवा पित्ताशयही त्याच वेळी काढायचे असते, तेव्हा दुर्बिणीतून पित्तनलिका उघडून खडे काढण्याचा मार्ग उपलब्ध असतो. १९८५ मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढले. १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी हे तंत्र भारतात रुजवायला सुरुवात केली, ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

छेद लहान झाला, वेदना घटल्या. तरीही ऑपरेशन उत्तम होऊनसुद्धा आजोबा अंथरुणातून उठत नाहीत किंवा आजींना रात्री भ्रम होतो, हा अनुभव अनेक घरांनी घेतला आहे. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात याच कोड्याचा मुळापासून विचार केला. वेदना, मळमळ, लांबलेला उपवास, पडून राहणे आणि शस्त्रक्रियेचा शरीरावरचा ताण हे सारे मिळून रुग्णाला मागे खेचतात, म्हणून त्यांवर एकाच वेळी उपाय करायला हवा, असे त्यांनी मांडले. दुर्बिणीतून आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांवरील त्यांच्या चमूचा अनुभव १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे या विचाराच्या आरंभीच्या कसोटीला वृद्ध रुग्णच उतरले होते.

हाच विचार पित्तनलिकेच्या शस्त्रक्रियेला लावणारी या पुस्तकाची पुढील प्रकरणे वाचकांनी नियमांची यादी म्हणून वाचू नयेत. प्रत्येक उपायापाशी थांबून, हा रुग्णावरचा कोणता भार हलका करतो, असे स्वतःला विचारावे. पोट सावकाश रिकामे होण्याचा विकार नसेल, तर भुलीच्या ६ तास आधीपर्यंत हलके अन्न आणि २ तास आधीपर्यंत पाणी चालते. त्यामुळे म्हातारे शरीर विनाकारण कोरडे पडत नाही. पित्त अडले की व्हिटॅमिन के नीट शोषले जात नाही, म्हणून काविळीच्या रुग्णाची रक्त गोठण्याची क्षमता आधी तपासावी लागते. दुर्बिणीसाठी पोटावर पाडलेल्या छिद्रांभोवती बधिर करणारे औषध टोचले की अफूवर्गीय औषधे कमी लागतात. परिणामी मळमळ, बद्धकोष्ठता आणि गुंगीही कमी होते. नाकातली नळी गरजेविना ठेवायची नाही, लघवीची नळी लवकर काढायची, त्याच दिवशी घोट घोट पाणी द्यायचे आणि आधार देऊन खुर्चीत बसवायचे, यामागेही हेच तर्कशास्त्र आहे.

वृद्धांच्या बाबतीत आणखी काही गोष्टी जपाव्या लागतात. चष्मा आणि कानाचे यंत्र शुद्धीवर येताच परत देणे, रात्री झोपमोड टाळणे, ओळखीचे माणूस जवळ असणे, यांनी भ्रमाचा धोका कमी होतो. आठवडाभर अंथरुणावर पडून राहिल्याने जे स्नायू झिजतात, ते या वयात सहज भरून येत नाहीत. म्हणूनच श्वसनाचे व्यायाम, चालणे आणि प्रथिनयुक्त आहार यांची सुरुवात शक्य तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वीच करायची असते.

तुम्ही विद्यार्थी असाल, तर वय आणि अशक्तपणा यांतला फरक आधी समजून घ्या. ऐंशीची खुटखुटीत व्यक्ती आणि पासष्टीची थकलेली व्यक्ती यांना एकच वेळापत्रक लागू पडत नाही. तुम्ही परिचारिका असाल, तर या पद्धतीचे यश बहुतांशी तुमच्याच हाती आहे, हे जाणून वाचा. आणि घरच्या वडीलधाऱ्यांसाठी वाचत असाल, तर घरी परतल्यावर ताप, वाढती पोटदुखी किंवा पुन्हा दिसणारी कावीळ यांकडे दुर्लक्ष करू नका. शस्त्रक्रियेची तारीख ठरेल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा: बरे होण्याची तयारी आम्ही आजपासून कशी करू?