वाहनतळावरील रेषांकन : पुनर्रंगणाचा काळ व पद्धती

वाहने उभी करण्यासाठी राखलेल्या आवारात प्रत्येक वाहनाची चौकट, वाहनांच्या ये-जा करण्याचा मार्ग, पादचाऱ्यांची वाट आणि मोकळे ठेवावयाचे क्षेत्र ही ज्या रंगीत पट्ट्यांनी व चिन्हांनी जमिनीवर निश्चित केली जातात, त्यांस वाहनतळावरील रेषांकन म्हणतात. व्यवहारात ‘पार्किंगचे पट्टे’ हे नाव रूढ आहे. ऊन, पाऊस, धूळ व चाकांचे घर्षण यांनी हे पट्टे कालांतराने फिके पडतात. ते पुन्हा केव्हा मारावयाचे, कोणत्या द्रव्याने मारावयाचे आणि तत्पूर्वी जुन्या आखणीचा फेरविचार करावयाचा की नाही, हा निर्णय वरकरणी रंगाऱ्याच्या अखत्यारीतला वाटला, तरी वस्तुतः तो सार्वजनिक जागेच्या न्याय्य वाटणीचा आहे. कारण पट्टा म्हणजे जागेच्या व्यवस्थापकाने तेथे येणाऱ्या प्रत्येकास दिलेले आश्वासन होय, आणि ते वाचता येईनासे झाले म्हणजे जो आधी येईल व आडवा उभा राहील त्याचीच वहिवाट तेथे चालू लागते.

पूर्वपीठिका : रस्त्यावर मध्यरेषा आखण्याचा आधुनिक प्रघात अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९११ च्या सुमारास सुरू झाला. भारतात १९३४ साली स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने रस्त्यावरील रेषांकनासंबंधीची संहिता (आयआरसी ३५) १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. तिच्या सुधारित आवृत्त्या १९९७ व २०१५ साली निघाल्या. वाहनतळांच्या जागा ठरविण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ अन्वये राज्य शासनास किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या प्राधिकरणास असून, तो स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वापरावयाचा असतो.

वडगाव व बेळगाव परिसर : येथे उदाहरणादाखल घेतलेल्या बेळगाव शहराच्या दक्षिण भागातील वडगाव हे शहापूर व खासबाग यांच्या जोडीने हातमाग व यंत्रमागावरील साड्यांसाठी प्रसिद्ध असलेले विणकरांचे उपनगर आहे. पायी चालणाऱ्यांच्या व बैलगाड्यांच्या काळात वसलेल्या अशा वस्तीच्या गल्ल्यांत मोटारीसाठी वेगळी जागा सहसा नसते; म्हणून मंदिर, शाळा, मंगल कार्यालय वा दुकानांची रांग यांच्यापुढील जे थोडे मोकळे आवार मिळते, त्याची आखणी चोख असणे येथे विशेष अगत्याचे ठरते. आषाढातील मंगळवारी भरणाऱ्या मंगाई देवीच्या यात्रेस महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातून मोठा जनसमुदाय लोटतो, आणि ही यात्रा ऐन पावसाळ्यात येत असल्यामुळे त्या वेळी नवा रंग मारणे शक्य नसते. ओल्या मैदानावर दोरी, खुंट्या व चुन्याची फक्की यांवरच तात्पुरता बंदोबस्त करावा लागतो. बेळगावच्या बाजारपेठेत बापट गल्लीतील वाहनतळावर दिवाळीच्या खरेदीचा ताण पडतो, तर सुवर्ण विधानसौधात सामान्यतः डिसेंबरात भरणाऱ्या कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे बाहेरगावच्या वाहनांची भर पडते. मराठी, कन्नड, उर्दू व कोकणी बोलणारे लोक जेथे एकाच आवारात गाड्या लावतात, तेथे पाटीवरील मजकुरापेक्षा जमिनीवरील पट्टा अधिक उपकारक असतो. तो कोणत्याही लिपीचा नसून सर्वांस सारखाच समजतो. सीमाभागात रेषांकन उपेक्षिले जाऊ नये, याचे हे एक स्वतंत्र कारण आहे.

निर्णयाच्या कसोट्या : पट्टा पांढरा राहिला आहे किंवा नाही, यापेक्षा तो आपले कार्य करीत आहे किंवा नाही, हे पाहणे इष्ट होय. त्यासाठी पाहणी तीनदा करावी : भर उन्हात, पाऊस पडून जमीन ओली असताना, आणि रात्री वाहनाच्या दिव्यांच्या प्रकाशात, आणि ती उभ्याने न करता चालकाच्या आसनावरून करावी, कारण तेथून पट्टा फार तिरकस कोनात दिसतो. रात्रीची परावर्तनक्षमता मोजण्याचे यंत्र असल्यास उत्तम. नसल्यास वाहने चौकटीत राहतात की रेषेवर चढतात, याची काही दिवसांची नोंद पुरेशी बोलकी असते. सर्वच पट्टे एकाच वेगाने झिजत नाहीत : प्रवेशद्वाराजवळचे, वळणावरचे व उतारावरचे पट्टे आधी जातात, भिंतीलगतचे मागून. म्हणून ठराविक वर्षांनी सरसकट रंग मारण्याच्या शिरस्त्यापेक्षा झीज पाहून तुकड्यातुकड्याने काम काढणे काटकसरीचे व हितावह असते. मात्र जुनी आखणी व नवी आखणी या दोन्ही एकाच वेळी दिसत असतील, तर विलंब करू नये; रेषेच्या अभावापेक्षा परस्परविरोधी रेषा अधिक अनर्थकारी असतात. याउलट खालचे डांबर उखडले असेल वा काँक्रीटला भेगा पडल्या असतील, तर आधी दुरुस्ती व मग रंग हाच क्रम होय.

काळ : बेळगाव सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असून जून ते सप्टेंबर या काळात येथे संततधार पाऊस पडतो. पावसाळ्याच्या तोंडावर मारलेला रंग पुरता मुरण्याआधीच भिजण्याचा धोका असतो; पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून पुढे, वाहून आलेली माती धुऊन काढून केलेले काम संपूर्ण कोरडा हंगाम टिकते. यात्रेसाठी पट्टे स्पष्ट हवे असल्यास एप्रिलमध्येच काम उरकावे. मे महिन्यातील वळवाच्या सरींचा भरवसा धरता येत नाही. हिवाळ्यात पहाटे दव व धुके असल्याने ऊन चढून पृष्ठभाग कोरडा झाल्यावाचून रंगास हात घालू नये. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांहून कमी असावी आणि पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सियसने अधिक असावे, असा लेपकामातील सर्वसाधारण नियम आहे.

पृष्ठभागाची सिद्धता : रंग लवकर उडतो, त्याचे कारण बहुधा रंगात नसून त्याच्या खाली असते. पश्चिमेकडील तांबडी धूळ आणि वडगाव-शहापूर शिवारातील काळी चिकण माती चाकांबरोबर आवारात येते व छिद्रांत घट्ट बसते. ती झाडून, मग दाबाच्या पाण्याने धुवावी लागते. गळलेल्या तेलाचे डाग साबणद्रव्याने काढून वर पाणी शिंपडावे. पाणी पसरण्याऐवजी थेंबाथेंबाने गोळा झाले, तर तेल शिल्लक आहे असे समजावे. नव्या डांबरातील हलकी तेले वर येऊन रंग पिवळट करतात, म्हणून काही आठवडे थांबणे श्रेयस्कर. नवे काँक्रीट २८ दिवस पक्व होऊ द्यावे. काँक्रीटवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवला व खाली ओल जमली, तर जमीन अद्याप रंगास योग्य नाही. पोपडे धरलेला जुना रंग घासून काढावा. नको असलेल्या रेषेवर काळा रंग फासणे हा सोयीचा परंतु त्याज्य उपाय आहे : काळा थर झिजताच जुनी रेषा पुन्हा वर येते, आणि ओल्या जमिनीवर रात्री तो काळा पट्टाही चकाकून चालकाची दिशाभूल करतो.

द्रव्ये : थंड लावावयाचा रंग स्वस्त असून ब्रश, रोलर वा फवारणीयंत्राने मारता येतो, मंद रहदारीच्या लहान आवारास तो पुरतो. उष्ण थर्मोप्लास्टिक हे राळ, रंगद्रव्य, बारीक खडी व काचमणी यांचे मिश्रण सुमारे २०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून ओततात. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांत त्याची जाडी २.५ मिलिमीटर सांगितली असून, ओल्या थरावर दर चौरस मीटरला २५० ग्रॅम काचमणी पेरले जातात. रात्री दिव्याचा झोत चालकाच्या डोळ्यांकडे परतविण्याचे काम हेच मणी करतात. काँक्रीटवर थर्मोप्लास्टिकपूर्वी अस्तर (प्रायमर) आवश्यक असते. तळघरातील काँक्रीटसाठी इपॉक्सी चिवट ठरते, परंतु उन्हात ते पिवळे पडते. पेव्हर ब्लॉकच्या फरशीवर रंगापेक्षा वेगळ्या रंगाचे ब्लॉक बसवून रेषा काढणे अधिक टिकाऊ होय. दुचाकींचा भरणा असलेल्या ठिकाणी रंगात बारीक वाळू मिसळावी, अन्यथा पहिल्याच पावसात चाक घसरते.

आखणी व परिमाण : पुनर्रंगण ही जुन्या चुका सुधारण्याची संधी असते, म्हणून जुन्या पट्ट्यावर डोळे झाकून ब्रश न फिरवता आधी आवार मोजावे. सामायिक वाहनतळात मोटारीची चौकट २.५ × ५ मीटर धरतात. काटकोनी रचनेत मधला मार्ग साधारणतः ६ मीटर लागतो, तो न मिळाल्यास ६०, ४५ वा ३० अंशांची तिरकी रचना करून मार्ग एकदिशा करावा. अपंग व्यक्तींच्या वाहनासाठी किमान ३.६ × ५ मीटरची चौकट मुख्य प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत, निळ्या पार्श्वभूमीवरील चाकखुर्चीच्या पांढऱ्या चिन्हासह असावी. सूत मारून आधाररेषा घ्यावी, तीन-चार-पाच या प्रमाणाने काटकोन तपासावा, खडूने सर्व चौकटी आखून एक मोटार प्रत्यक्ष आत-बाहेर काढून पाहावी, आणि मगच रंगाचा डबा उघडावा. हिशेब सोपा आहे : १० सेंटिमीटर रुंद व ५ मीटर लांब पट्ट्याचे क्षेत्र अर्धा चौरस मीटर होते, वीस चौकटींच्या रांगेस एकवीस पट्टे, म्हणजे साडेदहा चौरस मीटर, ओला थर ०.४ मिलिमीटर धरल्यास सुमारे सव्वाचार लिटर रंग लागतो. मक्तेदाराने याहून फार कमी रंग खर्ची घातला, तर थर पातळ झाला असे निःशंक मानावे.

दप्तर व अग्रक्रम : कामाची तारीख, द्रव्य, थराची जाडी, हवामान व मक्तेदाराने दिलेली हमी यांची नोंद नकाशासह दप्तरी ठेवल्यास पुढील पाहणीस आधार मिळतो, आणि कोणते द्रव्य आपल्या आवारात खरोखर किती टिकले, हे दरपत्रकावरून नव्हे तर अनुभवावरून ठरविता येते. काम अर्धे-अर्धे आवार बंद ठेवून करावे व त्याची सूचना आगाऊ लावावी. मंजूर रक्कम अपुरी असेल, तर सर्वत्र पातळ रंग फिरविण्याऐवजी प्रथम पादचाऱ्यांची वाट, अग्निशामक व रुग्णवाहिका यांचा मार्ग आणि अपंगांसाठी राखीव चौकटी पूर्ण जाडीने रंगवाव्यात; सामान्य चौकटी पुढील तरतुदीपर्यंत तहकूब ठेवता येतात, कारण त्यांच्या अस्पष्टतेने गैरसोय होते, पण पहिल्या तिहींच्या अस्पष्टतेने जीवित धोक्यात येते किंवा एखाद्याचा हक्क बुडतो.