चैत्र पौर्णिमेला रजा टाका: कोल्हापूरचे चार दिवस

आजचा एपिसोड जरा घरचा आहे. मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरी पुण्यात, दिवसभर लॅपटॉपसमोर. ऑफिसातले मित्र विचारतात, "तुमच्या कोल्हापूरला कधी येऊ?" पूर्वी मी सांगायचो, नवरात्रात या, नाहीतर पावसाळ्यात या. उन्हाळ्यात नको, भाजून निघाल. आता उलटं सांगतो. चैत्र पौर्णिमेला या.

2025 चंच बघा. 11 एप्रिल, शुक्रवार, महात्मा फुले जयंती. 12 ला चैत्र पौर्णिमा, म्हणजे जोतिबाची यात्रा. 13 ला अंबाबाईचा रथोत्सव. 14 ला आंबेडकर जयंती, सोमवारची सुट्टी. मी एका शुक्रवारची रजा टाकली आणि सलग चार दिवस मिळाले. दरवर्षी असं जुळत नाही, कारण दोन दिवस तारखेचे आणि दोन तिथीचे. पण हे चारही दिवस आपसात नात्यातले आहेत, आणि ते नातं मला बऱ्याच उशिरा कळलं.

आधी डोंगर. शहरापासून साधारण 17 किलोमीटरवर वाडी रत्नागिरी. यात्रेच्या दिवशी तिथं सगळं गुलाबी असतं: रस्ता, देवळाच्या पायऱ्या, एसटीच्या काचा, माणसाच्या पापण्या. गुलालाबरोबर खोबरं उधळतात, देवाला दवणा वाहतात. त्या दवण्याचा वास चार दिवस शर्टातून जात नाही. (पांढरा शर्ट घालून जाऊ नका. किंवा घालाच.) आणि सासनकाठ्या! उंचच उंच बांबू, त्याला रंगीत कापड गुंडाळलेलं, वरून सोडलेल्या दोऱ्या चारी बाजूंनी धरलेल्या आणि मधे एक गडी ती काठी पेलून हलगीवर नाचतोय. मानाची पहिली काठी सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीची. "जोतिबाच्या नावानं चांगभलं" हे हजारो गळ्यांतून एकदम ऐकलं की हेडफोनचा बास फिका वाटतो.

आजचं मुख्य देऊळ 1730 मध्ये राणोजी शिंद्यांनी बांधलं. म्हणजे ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे मूळपुरुष. घराणं माळव्यात गेलं तरी कुलदैवत इथंच राहिलं. जवळजवळ ऐंशी वर्षांनी, 1808 मध्ये, दौलतराव शिंद्यांनी शेजारी केदारेश्वराचं देऊळ उभारलं.

आता फुल्यांकडे येतो. त्यांचा जन्म 11 एप्रिल 1827 चा, आणि त्या दिवशी जोतिबाची यात्रा होती म्हणून बाळाचं नाव जोती ठेवलं, असं चरित्रांत सांगतात. मला वाटलं, ही नंतर जोडलेली गोष्ट असणार. इंजिनिअरची सवय, तपासून पाहिलं. 21 जानेवारी 2000 ला खग्रास चंद्रग्रहण होतं, म्हणजे पौर्णिमा पक्की. 11 एप्रिल 1827 पासून तिथपर्यंत 63,107 दिवस. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी 29.53059 दिवस. भागाकार केला: 2137.004. चंद्राची चाल थोडी मागेपुढे होते, त्यामुळे अर्ध्या दिवसाचा फरक धरू. तरीही आकडा जवळजवळ पूर्णांक! रात्री साडेबाराला मी एकटाच खुर्चीत हसत बसलो होतो.

गंमत अशी की हेच जोतीराव पुढं देव आणि माणसाच्या मधल्या दलालांवर तुटून पडले. 1873 मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला. 1911 मध्ये कोल्हापुरात या समाजाची स्थापना झाली, तिच्यामागं शाहू महाराजांचं बळ होतं. फुले यात्रेला आले असते असं मला वाटत नाही. पण त्यांचा पुतळा आमच्या बिंदू चौकात आहे आणि शेजारी बाबासाहेबांचा. दोन्ही 9 डिसेंबर 1950 ला बसवले. तेव्हा बाबासाहेब हयात होते. 11 ला सकाळी आणि 14 ला दिवसभर चौकात उभं राहून बघा. 14 ला तर पाय ठेवायला जागा नसते.

आता माझी चूक सांगतो. आमच्या गावची सासनकाठी आजोबा तरुणपणी पेलायचे. 2019 ला त्यांचा फोन आला, "येतोयस न्हवं? औंदा दोरी धरायला तुझी पाळी." माझं फायनल इयर, प्रोजेक्ट सबमिशन. म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षीची पौर्णिमा 8 एप्रिल 2020, ऐन लॉकडाऊनमध्ये. 2021 लाही भाविकांना डोंगर बंद. त्या पावसाळ्यात आजोबा गेले. 2022 ला यात्रा पुन्हा भरली तेव्हा मी दोरी धरली. हात सोलपटले, कारण कशी धरायची हे शिकवणारं कुणी नव्हतं. शेवटी पुढच्या काकांनी ओरडून सांगितलं, "अरं, ओढू नको, नुसता ताण ठेव."

रथोत्सव मात्र आरामाचा. पौर्णिमेच्या दुसऱ्या रात्री अंबाबाईचा रथ महाद्वारातून निघतो. वाटेवर दोन्हीकडच्या लोकांनी रांगोळ्या काढलेल्या असतात, फटाके, रोषणाई, गॅलऱ्यांतून फुलं. जोतिबा कोल्हासुराशी लढायला अंबाबाईच्या मदतीला आला, अशी कथा आहे. डोंगरावरून आलेली माणसं रात्री इथं भेटतात, कानात अजून गुलाल असतो. 2025 ला आजीला घेऊन गुजरीच्या कोपऱ्यावर उभा होतो. रथ पुढं गेला, तिनं माझ्या तळव्याकडं बघितलं आणि म्हणाली, "या वर्षी सोललं न्हाई की."