तळवासी मत्स्यांतील लांबी-वजन संबंध

किनाऱ्यालगतच्या समुद्रात तळाशी राहणाऱ्या राणी, ढोमा, लेप इत्यादी माशांचे वजन लांबीच्या सरळ प्रमाणात न वाढता सामान्यतः तिच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजेच शरीराची ठेवण तीच राहून लांबी दुप्पट झाली, तर वजन आठपट भरते. परंतु ठेवण क्वचितच तंतोतंत तीच राहते, आणि म्हणूनच हा घातांक ३ न राहता बहुधा २.५ ते ३.५ यांच्या दरम्यान आढळतो: तो ३ हून अधिक असेल तर मासा वाढता वाढता भरदार होतो, कमी असेल तर सडपातळ. दोन्ही राशींचे लॉगरिथम घेतल्यास आलेख सरळ रेषेत उतरतो.

मोजमापात सावधगिरी अत्यावश्यक होय. राणी माशाच्या शेपटीच्या वरच्या पाळीपासून निघणारा पिवळा, नाजूक तंतू जाळ्यात वारंवार तुटत असल्यामुळे माशाची लांबी मुस्कटापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत घेणे इष्ट; तसेच गाबोळीने फुगलेली मादी आणि नुकतीच अंडी घातलेली मादी लांबीने सारख्या असूनही तराजूत भिन्न ठरतात, ही गोष्ट नजरेआड केल्यास सारा हिशेब फसतो. लांबीवरून अपेक्षित वजनाशी प्रत्यक्ष वजनाची तुलना करून माशाची पुष्टता ठरविण्याची रीत ल क्रेन या शास्त्रज्ञांनी इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवरातील पर्च माशांच्या आधारे १९५१ मध्ये मांडली. ती सागरी माशांनाही लागू पडते.

बंदरावर प्रत्येक मासा तोलणे अशक्यप्राय असल्याने नमुन्यांच्या लांबीवरून वजनाचा अजमास वरील लांबी-वजन संबंधानेच बांधला जातो.