पुष्करत्रय आणि ड्रम-सेट : एका विधानाची दुरुस्ती

तीन वर्षांपूर्वीं एका वाचनालयाच्या वार्षिक समारंभांत ‘भारतीय अवनद्ध वाद्यें’ या विषयावर बोलतांना मीं एक विधान केलें होतें. एकच वादक मध्यें बसून हातापायांनीं चार-पांच ढोल व तितक्याच झांजा वाजवितो, तो जो हल्लींचा ड्रम-सेट, त्याचें मूळ भरताच्या पुष्करत्रयांत आहे, असें तें विधान. श्रोत्यांनीं टाळ्या वाजविल्या. पुढें तें दुसऱ्यांच्या लेखांतहि माझ्या नांवानिशीं येऊं लागलें. तें विधान चुकीचें आहे. तें मागें घ्यावें, आणि मागें घेतांना खरी हकीकत काय आहे ती सांगावी, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

चूक ध्यानांत येण्यास कारण घडलें तें असें. माझा पुतण्या अशा सेटावर वाजवितो. त्याला त्यांत संबळ बसवावयाचा होता. आमच्या घरीं आजोबांच्या वेळची संबळाची जोडी आहे. ती त्यानें मागितली आणि बरोबर एक लोखंडी पकड आणली. ती पकड बसविण्यासाठीं प्रत्येक भांड्याला दोन भोकें पाडावीं लागणार होतीं. मीं त्याला थांबविलें. तेव्हां तो म्हणाला, “काका, हा सेट मूळचा आपलाच, असें तुम्हीच सांगितलें ना? मग आपलें वाद्य आपल्याच सेटांत बसवायला हरकत कसली?” या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. पुस्तकें पुन्हा काढावीं लागलीं.

नाट्यशास्त्रांत वाद्यांचे तत, अवनद्ध, घन व सुषिर असे चार वर्ग सांगितले आहेत. अवनद्धाच्या अध्यायांत स्वाति मुनीची कथा येते. अनध्यायाच्या दिवशीं, आभाळ भरून आलें असतां, स्वाति पाणी आणावयास जलाशयावर गेला. तेथें लहान, मध्यम व मोठ्या कमलपत्रांवर पावसाच्या धारा पडून जे निरनिराळे ध्वनि उठले ते त्यानें मनांत धरले, आणि आश्रमांत परत येऊन विश्वकर्म्याच्या साहाय्यानें पुष्करें निर्माण केलीं. सुटीच्या दिवशीं विद्या सुचली यांत, चाळीस वर्षें शाळेंत घालविलेल्या मनुष्यास आश्चर्य वाटण्यासारखें कांहीं नाहीं. या पुष्करांपैकीं आंकिक हा हिरड्याच्या आकाराचा, ऊर्ध्वक यवाप्रमाणें मध्यें फुगीर, आणि आलिंग्य गोपुच्छासारखा निमुळता. आंकिक मांडीवर आडवा, ऊर्ध्वक उभा, आलिंग्य कवेंत. स्वर मिळविण्यास नदीकांठची माती लेपीत. सहाव्या-सातव्या शतकांतील शिल्पांत बसलेला वादक दोन-तीन सुट्या मृदंगांवर हात टाकून आहे असें दिसतें, तें याच परंपरेंतील होय.

एक वादक, अनेक मृदंग, प्रत्येकाचा स्वर वेगळा: एवढें साम्य खरें आहे. परंतु साम्य म्हणजे वंश नव्हे. किड्यानें लांकूड कोरतां कोरतां अक्षर उमटलें म्हणून किडा साक्षर ठरत नाहीं. घुणाक्षरन्याय आपण विद्यार्थ्यांना शिकवितों आणि व्यासपीठावर चढतांच विसरतों. पुष्करत्रयापासून ड्रम-सेटापर्यंत एकहि दुवा दाखवितां येत नाहीं. उलट ड्रम-सेटाचे खरे दुवे अगदीं अलीकडचे असून बव्हंशीं सालवार सांपडतात.

पहिला दुवा तुर्की आहे. उस्मानी सुलतानांच्या जॅनिसरी फौजेबरोबर मेहतर नांवाचा वाद्यताफा असे. त्यांत दावूल म्हणजे मोठा ढोल, नक्कारे, झिल म्हणजे झांजा, झुर्ना व बोरू हीं वाद्यें असत. अठराव्या शतकांत युरोपांतील राजांनीं आपल्या पलटणींत त्याचें अनुकरण केलें, आणि पलटणींतून तो नाद नाट्यगृहांत शिरला. मोझार्टच्या १७८२ मधील तुर्की कथानकाच्या संगीतिकेंत, हायडनच्या १७९४ मधील ‘मिलिटरी’ सिंफनींत, व १८२४ सालीं प्रथम वाजलेल्या बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनींत मोठा ढोल, झांजा व त्रिकोणी घंटा एकत्र वाजतात, तीं याच मार्गानें आलेलीं. १८२६ सालीं सुलतान दुसरा महमूद यानें जॅनिसरी फौज मोडली व तिजबरोबर मेहतरहि मोडला. म्हणजे घरीं दिवा विझला तेव्हां शेजाऱ्याकडे तो लागून चुकला होता. झांजा घडविणारें झिल्जियान हें अर्मेनियन घराणें १६२३ पासून कॉन्स्टँटिनोपल येथें हा धंदा करीत असे. त्या उपनांवाचा अर्थच झांजा करणारा असा आहे. या घराण्याचा कारखाना १९२९ मध्यें अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतीं निघाला.

नक्काऱ्याची गोष्ट आपल्याला जवळची. तोच अरबी शब्द क्रूसेडांच्या काळीं फ्रेंच व इंग्रजी भाषांत शिरला, आणि इकडे फारसीच्या वाटेनें येऊन आपला नगारा झाला. अबुल फजलानें ऐन-इ-अकबरींत बादशाही नक्कारखान्याची यादी दिली आहे: दमामे सुमारें १८ जोड्या, नक्कारे सुमारें २० जोड्या, ढोल ४, झांजा ३ जोड्या, शिवाय कर्णे, सनया वगैरे. हाहि अनेक देशींच्या वाद्यांचा मेळच. पण प्रत्येक वाद्याला माणूस वेगळा.

अनेक माणसांचें काम एकावर आलें तें अमेरिकेंत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यू ऑर्लीन्स शहरांत रस्त्यावरच्या बँडांत एक जण मोठा ढोल, दुसरा तांतीचा ढोल आणि कोणी झांजा वाजवीत चाले. तोच बँड नाचघरांत बसला म्हणजे जागा थोडी आणि बिदागीहि थोडी. तेव्हां एकानेंच मोठा ढोल उजव्या अंगास उभा करून दोन्ही ढोलांवर काठ्या चालविण्याचा प्रघात पडला. पुढें मोठ्या ढोलाचा टोला पायाकडे गेला. पायटे पूर्वींहि होते. परंतु १९०९ सालीं शिकागो येथें लुडविग बंधूंनीं विकावयास काढलेला पायटा हलका व जलद होता, आणि त्यानें वादकाचे हात मोकळे केले. माझ्या मतें ड्रम-सेटाची जन्मपत्रिका येथून मांडावी.

मोकळे हात रिकामे राहत नाहींत. त्या काळीं अमेरिकेंतील शहरांत चिनी लोकांच्या वस्त्या होत्या. त्यांच्या दुकानांतून रंगीत चित्रें काढलेलीं ढोलकीं, कांठ वळलेल्या झांजा, घंटाताटें, लांकडी ठोकळे, आणि बौद्ध मठांत पाठाच्या वेळीं बडवितात तें माशाच्या आकाराचें पोकळ लांकूड, हें सर्व वादकांनीं उचललें. चिनी ढोलक्याचें चामडें खिळ्यांनीं ठोकलेलें असे. म्हणून त्याचा स्वर चढवितां-उतरवितां येत नसे. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकन कारखानदारांनीं त्याच ढोलक्यांना दोन्ही बाजूंनीं पेंच लावले आणि मग तीं चिनी म्हणून ओळखूं येईनाशीं झालीं. मूकपटांच्या काळीं वादकापुढें शिट्ट्या, घोड्याच्या टापा, आगगाडीचा आवाज करण्याचीं साधनें यांचें एक टेबलच असे. १९२७ नंतर बोलपट आले आणि ती चैन गेली. क्यूबा बेटांतून गाईच्या गळ्यांतली घंटा, लोलक काढून, आली. लष्करी नगाऱ्यापासून तेथें तयार झालेले तिंबालेस आले. १९४७ मध्यें डिझी गिलेस्पी याच्या वाद्यवृंदांत चानो पोझो हा क्यूबन वादक कोंगा घेऊन बसला, तेव्हांपासून ती लय सेटावर वाजविण्याची ईर्ष्या वाढली.

येथें भरताची एक परिभाषा उपयोगीं पडते. अवनद्ध वाद्यांत मृदंग, पणव व दर्दुर हीं अंगें, आणि झल्लरी, पटह इत्यादि प्रत्यंगें, असा भेद त्यानें केला आहे. ड्रम-सेटाच्या इतिहासांत हा भेद स्थिर राहिलेला नाहीं. तुर्की झांज व चिनी ढोलकें हीं प्रत्यंगें म्हणून आलीं आणि अंगें होऊन बसलीं; माशाचें लांकूड मात्र प्रत्यंगच राहिलें. परकें वाद्य आज सेटांत टांगलें म्हणजे सेट बिघडला, ही तक्रार म्हणूनच मला व्यर्थ वाटते. ज्याचें कुळच पाहुण्यांचें, त्याला पाहुण्याचा विटाळ कसला?

आमच्याकडेहि पूर्वीं अशी सोंवळेपणाची दृष्टि नव्हती. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकराच्या वाद्याध्यायांत पटहाचे मार्ग व देशी असे दोन भेद करून दोहोंनाहि जागा दिली. हुडुक्का, करटा, डमरु यांच्याच पंक्तीला निःसाण व तुंबकी हीं आहेत. तुंबकी हें नांव फारसी तुंबकाजवळ जातें, हें संशोधकांनीं विचारांत घ्यावें. तंजावरास दुसऱ्या सरफोजी राजांनीं १७९८ ते १८३२ या कारकीर्दींत पाश्चात्य वाद्यांचा शोक केला. मुंबईस गोमंतकीय वादकांनीं नाचघरांतून व पुढें चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून ड्रम-सेट ढोलकीशेजारीं बसविला. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनीं १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत क्यूबन बोंगो वाजविला, तो घरोघर पोंचला. आणि आपलें वाद्यहि परदेशीं गेलें आहे. ३० मे १८४५ रोजीं ‘फातेल रझाक’ जहाज हिंदी मजुरांची पहिली तुकडी घेऊन त्रिनिदाद बेटास लागलें. त्या लोकांबरोबर गेलेला ताशा तेथें ‘तासा’ या नांवानें आजहि लग्नांत व मोहरमांत वाजतो, आणि वाजविण्यापूर्वीं त्याचें चामडें विस्तवावर शेकतात तें आपल्याप्रमाणेंच.

आतां संबळाकडे येतों. काठीनें वाजणारीं वाद्यें, म्हणजे संबळ, हलगी, ताशा, हीं सेटांत सहज सामावतात, कारण वादकाच्या हातांत काठ्या आहेतच. तबल्याची किंवा ढोलकीची शाई काठीच्या माराला टिकावयाची नाहीं. गोव्याचा घुमट तर तळहाताचाच. त्यावर पूर्वीं घोरपडीचें कातडें असे, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तें चालत नाहीं. शेळीचें कातडें लावून घुमट टिकला, आणि २०१९ सालीं गोवा सरकारनें त्याला वारसावाद्य ठरविलें. संबळाची काठी मात्र सेटवाल्याच्या काठीहून भिन्न आहे: एक टोंकाशीं वळलेली, दुसरी सरळ. हें पुतण्याला दाखविलें तेव्हां तो सरळ काठ्यांनीं जें करूं पाहत होता तें कां साधत नव्हतें, तें त्याच्या लक्षांत आलें.

भोकांचें उत्तर असें दिलें. संबळाचें भांडें खालून बंद असतें व आंतल्या हवेवर त्याचा आवाज अवलंबून असतो. भोंक पडलें कीं आवाज बदलला. जुन्या बाजारांत पकडीसाठीं भोकें पाडलेलीं नगारीं मीं स्वतः पाहिलीं आहेत. तीं ना सेटाच्या कामाचीं राहिलीं, ना संग्रहाच्या. आणि सेट आपला हें मी म्हणालों होतों, तें खोटें आहे. संबळ आपला आहे, हें खरें. लोहारानें एक तिपाई केली, तिच्यावर काथ्याची चुंबळ ठेवली, आणि गोंधळी बैठकींत ठेवतो तशी जोडी तिच्यावर बसविली. वाद्याला खिळा लागला नाहीं. गेल्या नवरात्रांत पुतण्यानें ती डाव्या हाताशीं ठेवून वाजविली.

संग्राहकांपैकीं कोणाजवळ देवस्थानच्या किंवा सरदारांच्या नगारखान्याचे, चामडें मढविण्याचे वा वादकांच्या नेमणुकीचे जमाखर्च असतील, तर त्यांच्या नकला मजकडे पाठविण्याची कृपा करावी. टपालखर्च मी देईन.