नेटवर्क बाँडिंग : आभासी सर्व्हरवरील दोषशोधन

नेटवर्क बाँडिंग म्हणजे एका सर्व्हरचे दोन किंवा अधिक पोर्ट एकत्र बांधून ते एकच जोडणी म्हणून वापरण्याची पद्धत. बांधलेल्यांपैकी एका पोर्टाची केबल निघाली तरी दुसऱ्यावरून काम चालू राहावे, हा तिचा पहिला हेतू. वेग वाढवणे हा दुसरा. एकाच यंत्रात अनेक आभासी संगणक, म्हणजे ‘व्हीएम’, चालतात तिथे तिची गरज अधिक असते. तिथे एक केबल गेली की एक नव्हे, दहा-वीस संगणक एकदम मुके होतात.

ही गोष्ट फक्त मुंबई-पुण्याच्या डेटा सेंटरांपुरती नाही. लातूर जिल्ह्यात निलंगा आणि चाकूर यांच्या मधे असलेल्या शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावालाही तिची झळ पोचते. डिजिटल सहीचा सातबारा राज्यात १ मे २०१८ पासून मिळू लागला आणि गावातला कागद दूरच्या सर्व्हरवर अवलंबून राहिला. पेरणीच्या तोंडावर पीककर्जासाठी आलेल्या शेतकऱ्याला खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन आहे, दुपारनंतर या’ असे ऐकावे लागले, की त्याचा दिवस मोडतो. त्यामागे वीज, फायबर, सॉफ्टवेअर अशी कितीतरी कारणे असू शकतात. बाँडमधला बिघाड हे त्यांतले सर्वांत कमी दिसणारे, कारण बाँडचे कामच बिघाड झाकण्याचे आहे. एक पाय लुळा पडला तरी यंत्र चालत राहते, आणि दुसराही जाईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

लिनक्समध्ये या तंत्राचा जन्म मात्र वेगाच्या ओढीतून झाला. १९९४ मध्ये अमेरिकेतील नासाच्या गॉडर्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे संगणक जोडून ‘बेओवुल्फ’ हा समूह उभारला. तेव्हाचे १० मेगाबिटचे इथरनेट प्रोसेसरच्या मानाने अपुरे पडे, म्हणून दोन वाहिन्या एकत्र बांधल्या गेल्या. लिनक्समधील बाँडिंग ड्रायव्हरचे मूळ बेकर यांच्याच कामात आहे. पुढे २००० मध्ये ८०२.३एडी हे मानक आले आणि सर्व्हर व स्विच यांना आपसात बोलणी करून जोडी ठरवता येऊ लागली. या बोलणीला एलएसीपी म्हणतात. २००८ मध्ये ते मानक ८०२.१एएक्स या नावाखाली गेले.

लिनक्समध्ये बाँडचे सात प्रकार आहेत. व्यवहारात दोनच जास्त भेटतात. ‘ॲक्टिव्ह-बॅकअप’मध्ये एक पोर्ट राबतो, दुसरा राखीव असतो आणि स्विचवर वेगळी मांडणी लागत नाही. एलएसीपीत सगळे पोर्ट राबतात, पण स्विचनेही तसेच मानले पाहिजे. बहुतेक दुखणी या दुसऱ्या अटीपाशी सुरू होतात. सर्व्हरवर एलएसीपी लावले आणि स्विचवर विसरले, तर कर्नलच्या बाँडिंग-स्थितीच्या फाइलमध्ये समोरच्या जोडीदाराचा मॅक पत्ता सगळी शून्ये दाखवतो आणि प्रत्येक पोर्टाचा ॲग्रिगेटर क्रमांक, म्हणजे गटाचा क्रमांक, वेगळा दिसतो. अशा वेळी बाँड एकाच केबलवर चाललेला असतो. तपासाला बसणाऱ्याने ही फाइल सर्वांत आधी वाचावी. तिच्यात प्रत्येक पोर्टाची लिंक किती वेळा तुटली याची मोजदादही असते. एका पोर्टाचा आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा पॅच कॉर्डमध्ये किंवा पोर्टातच सापडतो.

‘एका संगणकावर चालते, शेजारच्यावर नाही’ ही तक्रार ऐकणाऱ्याला भ्रम वाटते. एलएसीपीत ती अगदी खरी असू शकते. कोणते संभाषण कोणत्या केबलवरून जाईल हे पत्त्यांच्या हिशेबाने ठरते. एका केबलच्या स्विच-पोर्टावर एखादा व्हीलॅन, म्हणजे स्विचवरचे वेगळे आभासी जाळे, द्यायचा राहिला, तर त्या केबलच्या वाट्याला आलेली संभाषणेच बुडतात, बाकीची सुखरूप असतात. याच हिशेबामुळे एक-एक गिगाबिटच्या दोन केबलींतून एका फाइलला दोन गिगाबिट मिळत नाहीत. एक संभाषण एकाच वाटेने जाते.

आभासी सर्व्हरचा खास घोटाळा ॲक्टिव्ह-बॅकअपमध्ये दिसतो. दोन केबली दोन स्विचांत असतात आणि ते स्विच एकमेकांना जोडलेले असतात. पहिली केबल तुटते, बाँड लगेच दुसरीवर जातो, सर्व्हर स्वतः पिंगला उत्तर देतो. पण त्यातली एखादी व्हीएम पाच मिनिटे बेपत्ता राहते. दुसऱ्या स्विचच्या नोंदीत तिचा पत्ता अजून पहिल्याच्या दिशेला असतो आणि ही नोंद बहुतेक स्विचांवर ३०० सेकंद टिकते. खूण सोपी आहे. त्या व्हीएमच्या आतून बाहेर एक पिंग केला, की ती लगेच सापडते, कारण तिच्याच पाकिटाने नोंद दुरुस्त होते. सतत बोलणाऱ्या व्हीएमना हा त्रास जाणवत नाही. गप्प बसणाऱ्या अडकतात.

लहान गावांत आणखी एक सापळा असतो, मीडिया कन्व्हर्टर. फायबर आणि तांब्याची केबल यांच्या मधली ही डबी. पलीकडचे फायबर तुटले तरी अनेक डब्या सर्व्हरकडचा दिवा पेटताच ठेवतात. बाँडची नेहमीची तपासणी फक्त तो दिवा पाहते. लिनक्समध्ये ती सहसा १०० मिलिसेकंदांनी होते. त्यामुळे बाँडला सगळे ठीक वाटते आणि पाकिटे मेलेल्या वाटेने जात राहतात. ॲक्टिव्ह-बॅकअपमध्ये यावर एआरपी-तपासणीचा इलाज आहे; ती ठरावीक पत्त्याकडून खरे उत्तर मागते. एलएसीपीत समोरून निरोप येईनासे झाले की पोर्ट बाद होतो, पण मंद गतीवर त्याला ९० सेकंद लागतात, जलद गतीवर ३.

वीज येऊन-जाऊन असते तिथे परत येणाऱ्या विजेचाही विचार करावा लागतो. स्विचच्या पोर्टाचा दिवा लागतो, मात्र जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री, म्हणजे स्विचांमधली चक्रे टाळणारी यंत्रणा, त्यातून ३० सेकंद काहीच सोडत नाही. तो पोर्ट बाँडमध्ये पसंतीचा म्हणून नेमलेला असेल, तर दिवा दिसताच बाँड त्याच्यावर उडी मारतो आणि चालू असलेले कामही बंद पडते. पोर्ट परत घेण्याआधी थांबण्याची मुदत, म्हणजे ‘अपडिले’, अशा ठिकाणी ठेवलीच पाहिजे.

ॲक्टिव्ह-बॅकअप घ्यावा की एलएसीपी, हा निवडीचा प्रश्नही अशा गावांत सहज सुटतो. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट म्हटल्या गेलेल्या योजनेचे उद्दिष्ट ग्रामपंचायतीला १०० मेगाबिट देण्याचे होते. बाहेरची वाट एवढीच असेल, तर आतले दोन गिगाबिट-पोर्ट वेगासाठी बांधण्यात हशील नाही. जिथे जाणकार माणूस लातूरहून यायचा असतो, तिथे साधा ॲक्टिव्ह-बॅकअप अधिक भरवशाचा. तो बसवल्यावर कार्यालय सुटल्यानंतर एकेक केबल हाताने उपसून पाहावी, दर वेळी प्रत्येक व्हीएमला बाहेरून पिंग करावा आणि कोणती किती सेकंदांनी परत आली ते वहीत लिहून ठेवावे. ही वही सर्व्हरच्या कपाटातच असावी.