चुलीपासून ओट्यापर्यंत

स्मरणिकेसाठी “काही जुने लिहा,” असे संपादक भगिनींनी सांगितले. राजेरजवाड्यांचा इतिहास मला येत नाही. परंतु गेल्या वर्षी स्वयंपाकघर नव्याने बांधून घेताना जो इतिहास पायाखाली सापडला, तो सांगते.

१९८४ साली लग्न होऊन मी हिंगोलीस आले. आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. तेव्हा आपण परभणी जिल्ह्यातच होतो. आमच्या माळवदाच्या घरात चूल जमिनीवर, शेजारी वैल, भिंतीशी उतरंड. सासूबाई पाटावर बसत, काठवट पुढे ओढीत आणि भाकरी थापीत. ज्वारीच्या पिठाला गव्हाचा चिवटपणा नसतो. ऊन पाणी घालून ते तळहाताने रगडून मळावे लागते, आणि बसलेल्या बाईच्या साऱ्या अंगाचा भार त्या हातावर उतरतो.

पुढे सारवलेल्या जमिनीवर शहाबादी फरशी आली. शहाबाद गुलबर्ग्याकडचे, १९५६ पर्यंत तेही आणि आपणही हैदराबाद राज्यातच. राज्ये वेगळी झाली, फरशी येतच राहिली. मग गॅस. मुंबईत बर्मा-शेलचा ‘बर्शेन’ १९५५ सालीच निघाला होता. आमच्या घरी सिलिंडर यायला १९९३ उजाडले. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी, असा सुरक्षिततेचा नियम. म्हणून ओटा आला, आणि ओट्यावर आंध्रातला काळा कडप्पा. गॅसने आपल्याला धुरातून सोडवले, हे खरेच. पण त्यानेच आपल्याला दोन्ही वेळा उभे केले, हे मात्र कोणी बोलत नाही.

ओटा झाला चौतीस इंचांचा. मिस्त्रीने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. सासूबाई उंचीने ठेंगण्या. चार दिवस उभ्याने थापून त्यांनी परात पुन्हा खाली घेतली. भाकर थापायची, हातावर घ्यायची, तव्यासाठी उठायचे. “आत्याबाई, आता सगळं जग उभ्यानं करतंय,” असे मी त्यांना ऐकवीत असे. त्या काही बोलत नसत. गुडघे गेल्यावर त्यांनी भाकरीच सोडल्या. साठी जवळ आली आणि माझे खांदे दुखू लागले, तेव्हा मला माझे ते शब्द आठवले.

आणि जग तरी खरोखर उभ्याने करीत होते काय? आजच्या स्वयंपाकघराचा मूळ नमुना म्हणून फ्रँकफुर्टचे नाव घेतात. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या बाईंनी तेथील नव्या वसाहतींसाठी ते आखले. त्यात खिडकीपाशी बसून काम करण्यासाठी फिरते स्टूल होते! आपल्याकडे ओटा पोचला, स्टूल वाटेतच राहिले.

तेव्हा या खेपेस मीच टेप हाती घेतला. तरीही फसगत होता होता राहिली. मिस्त्रीने मापे जुन्या शहाबादीपासून घेतली, आणि नवी फरशी तर तिच्यावरच बसायची होती. मालासकट जमीन दोन इंच वर येणार. ओटा तेवढाच बुटका होणार आणि फ्रीज वरच्या फळीखाली शिरणारच नाही. काम थांबवले. आधी फरशी पक्की केली, मग फ्रीज व शेगडी यांची मापे, आणि ओटा सर्वांत शेवटी. शेगडी स्वतःच काही इंच उंच असते, म्हणून तिच्याखाली ओटा तीस इंच. चिरण्याचा भाग तेहतीस. आणि शेगडीला लागूनच, खिडकीपाशी, सव्वीस इंचांचा ठेंगणा तुकडा, खाली गुडघ्यांना मोकळी जागा. दगड ग्रॅनाइटचा घेतला. कडप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे. चिंच-लिंबाचे डाग त्यांना कायमचे पडतात. (शहाबादीवर ॲसिड ओतणाऱ्या भगिनींनी हेही ध्यानात घ्यावे.) “बाई, असा तुटका ओटा कोणी करत नाही,” असे मिस्त्री म्हणाला. मी म्हटले, “तुमच्या घरी भाकरी कोण थापतं?” तो हसला आणि कामाला लागला.

सासूबाई आता पंच्याऐंशीच्या आहेत. ओटा झाला त्या दिवशी त्यांना धरून आणून स्टुलावर बसवले. दगडावरून त्यांनी तळहात फिरवला, बराच वेळ. मग म्हणाल्या, “पीठ कुठाय?”

दोन भाकरी केल्या. पहिली काठाला चिरली. दुसरी टम्म फुगली.