पाणी द्यावे, पण बेताने

ऊसतोडीच्या कोयत्याला लोहार ‘पाणी देतो’, तेव्हा अख्खा कोयता बुडवत नाही. लालबुंद पात्याची नुसती धार पाण्यात जाते, पाठ बाहेर तापलेलीच राहते. मग पाठीची ऊब धारेकडे सरकते आणि घासून लख्ख केलेल्या कडेवर रंग चढू लागतात: आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. हवा तो रंग दिसला की पाते पुन्हा पाण्यात. याला पाणी उतरवणे म्हणतात. धार टिकते आणि पाते काचेसारखे फुटतही नाही.

कोल्हापुरात ही विद्या गावोगावच्या भात्यांपाशी होतीच. शहरातल्या कारखान्यांच्या उद्यमनगरात मात्र ती अपुरी पडली.

गुऱ्हाळाचे चरक, पाण्याचे पंप आणि पुढे ऑईल इंजिने इथल्याच शेडमध्ये घडू लागली. दुसऱ्या महायुद्धात परदेशी यंत्रे दुर्मीळ झाली, तेव्हा म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या इथल्या कारागिरांच्या पिढीने हात आजमावले. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा घडवला, तिथे याचे नवल ते काय! पण गिअर म्हणजे कोयता नव्हे. त्याचे सगळेच दाते कडक हवेत, आणि सगळा गिअर बुडवला की पोलाद सूड उगवते.

कारण साधे आहे. सुमारे 850 अंशांवरचे पोलाद पाण्यात पडले की वरची साल आधी निवते आणि कडक होते. गाभा मागाहून निवतो. कडक होताना पोलाद किंचित फुगते. उशिरा फुगणारा गाभा आधीच ताठ झालेल्या सालीला आतून रेटतो. हा ताण तिथेच अडकून राहतो. मग शाफ्ट वाकतो, नाहीतर चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून केसासारखी चीर जाते. म्हणून पाण्याच्या जागी तेल आले, कारण ते सावकाश निववते. पुढची युक्ती आणखी सौम्य: वितळलेल्या क्षारांच्या गरम कुंडात जॉब थोडा थांबवायचा, साल आणि गाभा एका तापमानाला येऊ द्यायचे आणि मगच हवेत निववायचे.

आज कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावची ओळख मुख्यतः बिडाच्या ओतकामाची. तिथे पाण्यात बुडवणे नसले तरी ताण असतोच. पातळ भिंत लवकर निवते, जाड भाग रेंगाळतो. ओतीव भाग महिनोन् महिने उन्हापावसात ‘मुरत’ ठेवण्याचा जुना रिवाज जगभर होता. त्याने ताण थोडाच जातो. खरा जातो तो भट्टीत 550 ते 600 अंशांवर ठेवून, भट्टीतच हळूहळू निववल्याने.

कडक पोलादाला तेवढी सवड नसते. तेलातून काढलेला जॉब हाताला कोमट लागतो तोवरच टेंपरिंगला, म्हणजे पाणी उतरवायला, गेला पाहिजे. ‘उद्या बघू’ म्हणून ठेवला, तर रात्री रिकाम्या शेडमध्ये ‘टण्’ असा आवाज येतो आणि सकाळी त्याचे दोन तुकडे सापडतात.